गोड बोलण्याचं व्रत

रोज सकाळी देवापुढे बसून अनुराधा फडतरे एकशे आठ वाती वळायची, आणि वातीगणिक एक नाव मनातून काढून टाकायचा प्रयत्न करायची. वाती वळून व्हायच्या, नाव होतं तिथेच असायचं. शर्मिला.

शर्मिला म्हणजे तिची धाकटी जाऊ. सोनसळमध्ये दोघींची घरं एकाच आळीत, समोरासमोर. शर्मिलाच्या दारातली तुळस छातीएवढी वाढलेली, आणि तिला पाणी घालायची आठवण शर्मिलाला आठवड्यातून दोनदा व्हायची. अनुराधाची तुळस रोजचा दिवा, रोजच्या प्रदक्षिणा घेऊनही हातभरच. एवढ्यावरून देवावर रुसू नये हे तिला कळत होतं. पण रांगोळी घालताना नजर समोर जायचीच.

तुळशीचं सोडा. खरं दुखणं गौरींचं होतं. फडतऱ्यांच्या गौरींचे पितळी मुखवटे थोरल्या सुनेकडे जायचे, अशी रीत. पंधरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी ते उचलून शर्मिलाच्या काचेच्या कपाटात ठेवले. "तिच्याकडे माणसांची ये-जा आहे गं," एवढंच म्हणाल्या. "तुझं आपलं शांत असतं." अनुराधा "बरं" म्हणाली. तेव्हापासून दर भाद्रपदात ती शर्मिलाच्या स्वयंपाकघरात पुरण वाटायची आणि बाहेरच्या खोलीतून आवाज यायचे, "शर्मिलावहिनी, काय साजऱ्या दिसतात हो गौरी!"

या वर्षी आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. कुणी कांदा-लसूण सोडलं, कुणी वांगं. अनुराधाने निंदा सोडली. आणि नुसती सोडली नाही. ज्याच्याविषयी मनात कडू असेल त्याचं नाव निघालं, की एक तरी गोड वाक्य बोलायचं, असा नेम धरला. दत्तमंदिराच्या भजनी मंडळाची ती प्रमुख. बायकांना नेम आवडला. एका मंडळातून दुसऱ्यात जात तो गावातल्या चौदाही मंडळांत पोचला. श्रावण उजाडेपर्यंत नऊशे बायका निंदा सोडून बसल्या होत्या. सासवा सुनांचं कौतुक करू लागल्या, नवरे चक्रावून गेले.

व्रताचं मूळ कुठे आहे, हे मात्र अनुराधाने कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्याच श्रावणात नगराध्यक्षपदाची पोटनिवडणूक लागली.

तिघं उभे होते. विक्रांत धुमाळ हे मोठं प्रस्थ. डोंगरामागे संगणकांची प्रचंड वखार येणार होती. हजारो यंत्रं रात्रंदिवस चालणार, तापणार, आणि त्यांना थंड ठेवायला गावच्या तळ्याचं पाणी लागणार. धुमाळ निवडून आले की तळं वखारीला, हे उघड होतं. दुसरे अंबादास खुडे, नगरपालिकेचे निवृत्त चावीवाले. पस्तीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलं. तळ्याचा थेंब बाहेर जाऊ देणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि तिसरी शर्मिला. अर्धं पाणी देऊ, अर्धं राखू, असं हसत हसत सांगणारी.

प्रचाराला खुडे एकटेच आले, चपला दाराबाहेर काढून.

"चहा घ्या, खुडेभाऊ."

"नको ताई. प्रत्येक घरी घेतला तर मतदानापर्यंत टिकायचो नाही." मग तुळशीकडे बघत म्हणाले, "हिच्या बुडाशी चुनखडी दिसतेय. पाणी घालून नाही वाढायची, माती बदला."

इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. अनुराधाने मनात मत देऊन टाकलं.

"येणार का हो निवडून?" तिने विचारलं.

"ते कलमापकाला ठाऊक. पण डोंगरावरच्या टाकीपाशी एक चावी आहे बघा. ती फिरवताना अर्धा आटा चुकला, की खाली एका पेठेत गल्लीभर पाणी आणि दुसरीत ठणठणाट. चूक वर होते, भांडणं खाली."

कलमापक हे मतांचा कल मोजणारं यंत्र सोनसळला नवं नव्हतं. मागच्या दोन निवडणुका त्याच्याच सल्ल्याने पार पडलेल्या. त्याचं शास्त्र अवघड नाही. मतदाराने फोनवर त्याच्याशी पाच-दहा मिनिटं बोलायचं. माणूस बोलतो तेव्हा मनातल्या खळबळीप्रमाणे गळ्यातले बारीक स्नायू ताणले जातात आणि आवाजात एक सूक्ष्म कंप येतो, कानाला न कळणारा. कलमापक तो कंप मोजतो. एखाद्या उमेदवाराविषयी माणसाला किती जोराने वाटतं, हे कंपावरून कळतं. काय वाटतं, हे शब्दांवरून. अशी हजारो बोलणी एकत्र करून, नावं पुसून टाकून, गावाचा कल काढला जातो.

त्यानंतर सल्ला. समजा तिघांतला एक शंभरातल्या अडतीस जणांना हवा आहे आणि उरलेल्या बासष्टांना मुळीच नको. पण ते बासष्ट दोघांत विभागले, तर नको असलेलाच निवडून येतो. म्हणून त्या दोघांतला जो मागे असेल, त्याच्या मतदारांना कलमापक सांगतो, तुमचा माणूस येत नाही, दुसऱ्या पसंतीला मत द्या. लोक ऐकतात. कुणाचं मत वाया जात नाही. फक्त दोघांतलं मागे कोण, हे आधी नीट मोजलेलं असावं लागतं. तिथे थोडी चूक झाली, की सगळा लोंढा भलतीकडे वळतो.

त्या दुपारी अनुराधाने फोन कानाला लावला.

"शर्मिला फडतरे यांच्याविषयी तुम्हाला काय वाटतं?" कलमापकाने अदबीने विचारलं.

तिचा घसा आवळला. पण नेम म्हणजे नेम. "फार गुणी आहे. माणसं जोडते. तिच्या हाताला यश आहे." शब्द सगळे खरे होते, आणि एकेक शब्द बाहेर पडताना जीभ पोळत होती.

"विक्रांत धुमाळ?"

"कर्तबगार आहेत. हाती घेतलं की तडीला नेतात."

"अंबादास खुडे?"

त्यांच्याविषयी कडू काही नव्हतंच. "चांगला माणूस आहे," ती साधेपणाने म्हणाली.

"आभारी आहे. तुमची पहिली पसंती शर्मिला फडतरे, तीव्रता शंभरात त्र्याण्णव. दुसरी विक्रांत धुमाळ, एकाहत्तर. तिसरी अंबादास खुडे, एकवीस."

"अहो नाही! मला खुडे हवेत."

"अनेक मतदार दुबळ्या उमेदवाराचं नाव सहानुभूतीने घेतात. त्याला कमी वजन दिलं जातं. नमस्कार."

अनुराधाने फोन पालथा ठेवला. त्र्याण्णव! जन्मभर दाबून ठेवलेली जळजळ त्या यंत्राने अचूक मोजली होती, आणि तिला प्रेम म्हटलं होतं.

दोन दिवसांनी गावाचा कल जाहीर झाला. धुमाळ अडतीस, शर्मिला सदतीस, खुडे पंचवीस. खुड्यांच्या मतदारांना सल्ला: शर्मिला फडतरे यांना मत द्या.

समोरच्या दारात हलगी वाजायला लागली. शर्मिला आंबा रंगाची साडी नेसून ओट्यावर उभी, आणि माणसं नुसती लोटत होती. एक म्हातारी तिची दृष्ट काढत होती. अनुराधाने खिडकी लावून घेतली, मग फटीतून पाहत राहिली.

"आता काय विचार करायचा?" तिचे यजमान उदयराव पेपर घडी करत म्हणाले. "खुड्यांना मत म्हणजे धुमाळला मत. तळं सगळं जाण्यापेक्षा अर्धं राहिलेलं बरं. आणि शर्मिला काय, घरचीच आहे."

"आहे की," अनुराधा म्हणाली. "गुणी आहे."

"तू ना, फार मोठ्या मनाची आहेस."

ती उठून आत गेली. मोठ्या मनाची! त्या मनात काय शिजत होतं, ते पाहिलं असतं तर जेवले नसते.

गुरुवारी मंडळात भजनाआधी बायका टाळ काढत होत्या. सुलभाकाकू, वय पंचाहत्तर, सगळ्यांत खणखणीत गळा. त्या हळूच म्हणाल्या, "अनुराधा, त्या यंत्राला कान फुटलेत की काय? मी खुड्यांची. आणि मला म्हणतं, तुमची पहिली पसंती शर्मिला!"

"शर्मिलाविषयी काय बोललात, काकू?"

"काय बोलणार? गेल्या वर्षी हळदीकुंकवाला मला बोलवायची विसरली, ते आत खुपतंय. म्हणून नेमाप्रमाणे जास्तच गोड बोलले. हसरी आहे, लाघवी आहे."

"आणि खुड्यांविषयी?"

"त्यांच्याविषयी काय बोलायचं? भला माणूस म्हटलं, झालं."

"मलाही शर्मिलाच सांगितलं," एक जण म्हणाली. "मला धुमाळ," दुसरी म्हणाली. "त्यांनी आमची भिंत पाडली होती ना, म्हणून मी त्यांची फारच स्तुती केली."

अनुराधाच्या हातातला टाळ तसाच राहिला. ज्यांच्यावर राग, त्यांच्यासाठी नऊशे जणींनी गळा आवळून गोड शब्द काढले होते. यंत्राने शब्दांची दिशा घेतली, कंपाचा जोर घेतला आणि रागाची भक्ती करून टाकली. खुड्यांवर कुणाचा राग नव्हता. त्यांची स्तुती करायला कुणाला कष्ट पडले नाहीत, आणि म्हणून ते मागे पडले. अख्ख्या गावातून सहा हजार माणसं कलमापकाशी बोलली होती. त्यांतल्या नऊशे या.

टाकीपाशी अर्धा आटा चुकला होता, आणि चावी तिच्याच हातची होती.

पुन्हा बोलायची मुभा शनिवारी पाचपर्यंत. मतदान रविवारी. सगळ्या बायकांनी सरळ बोलायचं ठरवलं तर मोजणी सुधारेल. पण मग शर्मिला आणि खुडे जवळजवळ आले, मतं विभागली आणि धुमाळ आले तर? तळं जाईल, तेही तिच्यामुळे. आणि गप्प बसावं तर एका भल्या माणसाला खोट्या आकड्याखाली गाडल्यासारखं होईल.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. खुडे पुढे येतील या विचाराने तिला बरं वाटलं, पण शर्मिला मागे पडेल या विचाराने त्याहून बरं वाटलं. हे सदसद्विवेकाचं बोलणं, की मत्सरच सोवळं नेसून आला होता? वाती वळून पाहिल्या. एकशे आठ संपल्या, उत्तर आलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती रस्ता ओलांडून समोर गेली. शर्मिला एकटीच होती, पायाला तेल चोळत.

"या ताई! पाय बघा, ही प्रचाराची कमाई."

काचेच्या कपाटात मुखवटे होते. अनुराधाने त्यांच्याकडे पाठ करून बसत सगळं सांगितलं. शर्मिलाचा तेलाचा हात थांबला.

"म्हणजे माझे सदतीस टक्के खोटे?"

"सगळे नाहीत. किती, ते पुन्हा मोजल्यावर कळेल."

"आणि पुन्हा मोजा असं तुम्ही सांगणार. माझी थोरली जाऊ." शर्मिला हसली, पण डोळे हसले नाहीत. "लोक काय म्हणतील, माहितीय? जाऊ जळते."

अनुराधाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तीस वर्षं तुमच्या तोंडून माझ्याविषयी वाकडा शब्द नाही, ताई. भांडला असतात तर परवडलं असतं. तुम्ही 'बरं' म्हणता आणि माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून तर तुमचं ते व्रत मी घेतलं नाही. मला नाही जमायचं." ती पुढे वाकली. "आज एकदा सांगाच. जळता ना माझ्यावर?"

"हो," अनुराधा म्हणाली. आवाज अगदी साधा निघाला. खुड्यांविषयी बोलताना निघाला होता, तसा.

शर्मिलाने तेलाची वाटी बाजूला सारली.

"मग हे बाहेर सांगा," शर्मिला म्हणाली. "आधी हे, मग यंत्राचं. नाहीतर मी सांगेन."

त्या संध्याकाळी दत्तमंदिराच्या मंडपात चौदा मंडळांच्या बायका दाटीवाटीने बसल्या. अनुराधाला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. सुलभाकाकूंनी टाळ वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"हे व्रत मी देवासाठी धरलं असं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली. "मी ते शर्मिलासाठी धरलं. मला तिचा मत्सर वाटतो. तिच्या तुळशीचासुद्धा." कुणीतरी फिस्सकन हसलं. "आपल्या गोड बोलण्याने यंत्र फसलंय. ते कसं, काकू सांगतील. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही, कारण माझ्या सांगण्यात मत्सर किती आणि खरं किती, हे मलाच कळत नाही. एवढंच म्हणते, उद्या पाचच्या आत त्याच्याशी पुन्हा बोला. आहे तसं बोला. मग मत ज्याला द्यायचं त्याला द्या."

"शेवटी जाऊच ती," मागून एक आवाज आला. तिने ऐकला आणि मान खाली घातली.

"आणि व्रताचं काय?" कुणीतरी विचारलं.

"खरं बोलण्यात निंदा झाली, तर ते पाप माझ्या नावावर."

"तुझ्या एकटीच्या कशाला?" सुलभाकाकू म्हणाल्या. "नऊशे जणींत वाटून घेऊ. नखाएवढं येईल एकेकीला."

शनिवारी अनुराधाने पुन्हा फोन कानाला लावला. शर्मिलाचं नाव आलं तेव्हा म्हणाली, "मला तिचा मत्सर वाटतो. त्यापलीकडे ती कशी आहे, ते मला दिसत नाही. अर्धं पाणी द्यायला माझी मान्यता नाही."

यंत्र म्हणालं, "शर्मिला फडतरे यांच्याविषयीचं तुमचं मत मोजणीत धरता येत नाही. पहिली पसंती अंबादास खुडे."

साडेपाचला नवा कल आला. धुमाळ चौतीस, शर्मिला तेहतीस, खुडे तेहतीस. खाली, पहिल्यांदाच, एक ओळ होती: 'उमेदवारांमधला फरक मोजमापाच्या चुकीहून लहान आहे. या निवडणुकीत सल्ला देता येत नाही. मतदारांनी आपापल्या मनाने मत द्यावं.'

गावात कालवा झाला. दहा वर्षांत आपल्या मनाने मत कुणी दिलं होतं? उदयराव तर संतापले. "आता तळं गेलं तर तुझ्या खरेपणाने गेलं, एवढं लक्षात ठेव."

"ठेवीन," ती म्हणाली. त्या दिवशी तिने संध्याकाळीही वाती वळल्या.

रविवारी मतदान यंत्रावर तीन नावं आणि तीन चिन्हं होती. तिने डोळे मिटले. समजा, ते मुखवटे आज माझ्या घरात असते. माझ्या कोनाड्यात, माझ्या हातची फुलं वाहिलेले. सासूबाई म्हणाल्या असत्या, अनुराधाकडेच शोभतात. तिने ते चित्र नीट, फुलापानांसकट उभं केलं, आणि छातीतली ती जुनी गाठ क्षणभर सैल पडली. त्या सैल क्षणात ती घाईघाईने स्वतःला म्हणाली, आता सांग, कुणाला?

बोट खुड्यांच्या चिन्हावर गेलं. तिने ते दाबलं.

सोमवारी निकाल लागला. अंबादास खुडे त्रेसष्ट मतांनी विजयी. धुमाळ दुसरे. शर्मिला तिसरी. खुडे मिरवणुकीत थांबलेच नाहीत. तळ्याच्या बांधावर कुठे पाझर आहे ते बघायला गेले म्हणे. अनुराधाला आनंद झाला, आणि त्या आनंदाचा नेमका कोणता वाटा निर्मळ, हे शोधायचा तिने नाद सोडला. समोरच्या ओट्यावर त्या दिवशी कुणी नव्हतं. तुळस मात्र तशीच भरदार.

गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी पूजन. अनुराधा नेहमीसारखी शर्मिलाच्या स्वयंपाकघरात पुरण वाटायला गेली. सोळा भाज्या चिरून झाल्या, नैवेद्य झाला, हळदीकुंकवाला बायका जमल्या. बाहेरून शर्मिलाचा आवाज आला, स्वच्छ, मधाळ:

"आमच्या ताई म्हणजे सोनं हो. त्यांच्यामुळे गाव खरं बोलायला शिकलं. अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं."

बायका कौतुकाने चुकचुकल्या. आत रात्रीच्या पोळ्यांसाठी उरलेलं पुरण वाटताना अनुराधाचा हात थांबला. तो कंप कानाला कळत नाही, असं शास्त्र म्हणतं. पण तीस वर्षं स्वतःच्या गळ्यात सांभाळलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

बायका गेल्यावर शर्मिला रिकामं ताट घेऊन आत आली.

"हे कधीपासून?" अनुराधाने विचारलं. "तू तर माझं व्रत घेतलं नव्हतंस."

शर्मिलाने ताट ओट्यावर ठेवलं. तिची पाठ होती. "निकालाच्या दिवशी घेतलं."

अनुराधाने हाताचं पुरण निपटलं, हात धुतले, पदराला पुसले. मग पाट ओढून दारातून दिसणाऱ्या गौरींकडे तोंड करून बसली.

"सोड ते," ती म्हणाली. "आता कुणी नाही घरात. सरळ बोल."

"पुष्कळ आहे, ताई."

"असू दे. मी बसलेय."

शर्मिलाने गॅस बंद केला, आणि वळली.